हर्षू वाचायला शिकते

सिडको, नाशिक
७ जुलै

गोरक्ष,

फोन तू उचलत नाहीस. कधी उचललासच तर "ड्युटीवर आहे ताई, नंतर करतो" म्हणून ठेवून देतोस, आणि तुझं नंतर काही येत नाही. म्हणून लिहायला बसले. शाळा सुटल्यापासून सह्या सोडून काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. वापीचा पत्ता मला तुझ्या कंपनीतल्या अमोलने दिला. त्याच्यावर डाफरू नकोस, मीच त्याच्या मागे लागले होते.

पाय कसा आहे? दाखवायला ये म्हणून दवाखान्यातून दोनदा फोन आला होता. तो फोनसुद्धा आता माझ्याकडेच येतो.

हर्षू बरी आहे. जेवते, खेळते, दुसरीत गेली. पण मी लिहितेय ते दुसऱ्याच कारणाने. परवा तिच्या वर्गशिक्षिकांनी मला बोलावून घेतलं. उत्तरा मॅडम नाव त्यांचं, पन्नाशीच्या आहेत, आवाज एकदम हळू. मी घाबरतच गेले. म्हटलं कोणाला मारलंबिरलं की काय. तर त्या म्हणाल्या, "हर्षाली वर्गात सगळ्यांत छान वाचते. कुठे अडखळत नाही. म्हणूनच माझ्या लक्षात यायला उशीर झाला."

मग त्यांनी माझ्यासमोर तिला एक गोष्ट वाचायला दिली. मनू नावाच्या मुलीच्या हातून मडकं फुटतं. ती तुकडे दाराआड लपवते, आणि आई आल्यावर पुस्तक उघडून अगदी शहाण्यासारखी अभ्यासाला बसते. हर्षूने धडाधड वाचलं. मला अभिमान वाटला, खरं सांगते. मग मॅडमनी विचारलं, "मनू अभ्यासाला का बसली गं?"

हर्षू म्हणाली, "कारण ती शहाणी होती."

"आणि तुकडे का लपवले?"

तिने पुस्तकात बोट फिरवून तेच वाक्य पुन्हा वाचलं. "मनूने तुकडे दाराआड लपवले." मॅडमनी आणखी दोन-तीनदा फिरवून विचारलं. प्रत्येक वेळी तेच वाक्य.

तिला बाहेर खेळायला पाठवून मॅडम म्हणाल्या, "शब्द वाचता येतात तिला. पण गोष्ट तिच्यात उतरत नाही, दारातूनच परत जाते. घरी तिला गोष्टी सांगतं का कोणी?"

सांगायची एक जण. मी एवढंच म्हटलं, "आता कोणी नाही."

मॅडमना मी खरं सांगितलंय. रागावू नकोस, शाळेत कोणाला तरी माहीत असायला पाहिजे. हर्षूला अजून तेच माहीत आहे जे तू दवाखान्यातल्या खाटेवरून तिला सांगितलंस, की आई माहेरी गेलीय, कांदे काढून झाले की येईल. कांदे केव्हाच निघाले गोरक्ष. आता पेरण्या उरकल्या.

मॅडमनी मला काम लावून दिलंय. रोज संध्याकाळी एक गोष्ट सांगायची. त्यात थोडे नवे शब्द घालायचे, पण अर्थ पाठ करून घ्यायचा नाही, करून दाखवायचा. आणि काय झालं हे विचारायचं नाही, का झालं ते विचारायचं. मी म्हटलं, "मॅडम, मी साड्यांना फॉल लावते, मला कुठल्या गोष्टी येतात." त्या म्हणाल्या, "तुमच्या लहानपणच्या सांगा."

तेव्हा आता तूच गोष्टीत यायचास. माझ्या लहानपणात तुझ्याशिवाय दुसरं आहे कोण?

तुझी ताई


सिडको
१८ ऑगस्ट

गोरक्ष,

उत्तर नाही आलं. पत्र परतही नाही आलं, म्हणजे मिळालं असावं.

गोष्टींचं चांगलं चाललंय. संध्याकाळी मशीन बंद केलं की ती स्वतःच येऊन बसते. तू विहिरीवरच्या मोटारीला घाबरायचास ते सांगितलं, जत्रेत हरवलास आणि भेळवाल्याच्या गाडीखाली झोपलेला सापडलास ते सांगितलं. तू लहान होतास हेच तिला खरं वाटत नाही. "बाबाला दात नव्हते?" म्हणून हसत सुटली.

शब्दांची तर तिला चटकच लागलीय. "रेंगाळणं" म्हणजे काय म्हणून मी दारापासून मोरीपर्यंत रेंगाळत गेले, तर हिने माझ्यामागे घरभर रेंगाळून दाखवलं. "हिरमुसणं" सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या दाजींकडे बोट दाखवून म्हणाली, "आत्या, चहा नाही मिळाला की मामा हिरमुसतात." तुझे दाजी कधी नव्हे ते मोठ्याने हसले. "ओशाळणं" तिला आपोआप आलं. शेजारच्या मांजराला दुधात तोंड घालताना पकडलं तेव्हा म्हणाली, "बघ, ओशाळली." मांजर ओशाळतं की नाही मला माहीत नाही, पण शब्द तिने बरोब्बर ठिकाणी ठेवला.

मॅडमना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "आता थोडं पुढे जाऊ. गोष्ट मध्येच थांबवा आणि जे सांगितलेलं नाही ते तिला ओळखू द्या."

म्हणून मी तिला चंदीची गोष्ट सांगितली. तुझी शेळी. तू तिला शाळेत घेऊन जायचा हट्ट करायचास. तर ती संध्याकाळी घरी आली नाही, तू ओढ्यापर्यंत हाका मारत गेलास, आबा कंदील घेऊन तुझ्यामागे, इथपर्यंत सगळं सांगितलं. हर्षू श्वास रोखून बसलेली. पुढचं मला काही सांगवेना. बिबट्याने नेली हे त्या पोरीला कसं सांगायचं? म्हटलं, "आणि मग सकाळी चंदी आपली आपण परत आली." गोष्ट संपवली. जाता जाता तोंडातून निघून गेलं, "गोरक्ष मात्र दोन दिवस जेवला नाही. रडून रडून डोळे सुजले त्याचे."

ती उठली नाही. फरशीवर बोटाने काहीतरी काढत बसली. मग म्हणाली, "आत्या, चंदी परत आली ना?"

"हो."

"मग बाबा दोन दिवस का रडला?"

मी मशीनवर कापड टाकायला उठले. ती म्हणाली, "चंदी आलीच नाही. तू खोटं सांगितलंस मला."

मी कबूल केलं. काय करणार होते? ती रागावली नाही. "मग तसं सांगायचं ना," एवढंच म्हणाली आणि मला सगळी गोष्ट पहिल्यापासून खरी सांगायला लावली. बिबट्यासकट. ऐकताना रडली थोडी, पण मध्ये थांबू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "हेच हवं होतं. लिहिलेलं सगळेच वाचतात, न लिहिलेलं वाचायला शिकली ती." शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर मला भीती वाटली. कशाची, ते तुला सांगायला नको.

एकदा फोन कर. तिच्याशी बोल. काही सांगू नकोस, नुसतं बोल.

ताई


सिडको
६ ऑक्टोबर

गोरक्ष,

कुसाबाई येऊन गेल्या. कळवणहून पहाटेच्या एसटीने निघाल्या, पिशवीत ओल्या शेंगा आणि नागलीचं पीठ. नातीला बघून सहा महिने झाले, राहवेना म्हणाल्या. मी त्यांना गल्लीच्या तोंडाशीच गाठलं आणि हात जोडून सांगितलं, की पोरीसमोर डोळ्यांतून पाणी काढू नका. त्या हो म्हणाल्या. हर्षूने दार उघडलं आणि म्हातारी तिथेच खाली बसली. कोणाची लेक जावी आणि तिचं तोंड घेऊन नात दार उघडायला यावी, तिथे कसला धीर धरायचा. हर्षूचं कपाळ, हनुवटी, सगळं वैष्णवीचं आहे. तुला दिसतंच असेल. म्हणूनच येत नसशील.

हर्षूने आजीला पाणी आणून दिलं. मग शेंगा सोलताना अगदी साध्या आवाजात विचारलं, "आजी, आईला का नाही आणलं?"

कुसाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान वळवली. त्या म्हणाल्या, "येई ना बेटा, तुन्ही माय येई. काम शे ना वावरात."

"आता कसलं काम आहे?"

"मका शे, भुईमूग शे..."

हर्षू एक शेंग फोडून दाणे हातात घेऊन बसली. खाल्ले नाहीत. दिवसभर आजीच्या मांडीवरून हलली नाही, पण तो विषय पुन्हा काढला नाही. कुसाबाई संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "मन्हाकडून पुन्हा असं बोलणं होवाव नही. एक तर मला बोलावू नका, नाही तर पोरीला सांगा."

आणि काल सकाळी वेणी घालताना, पाठमोरी असताना, हर्षू म्हणाली, "आत्या, आजी माहेरून आली. आई माहेरी आहे तर आजी मला बघून रडली का?"

चंदीसारखंच विचारलं बघ. त्याच आवाजात.

मी म्हटलं, "तुझी आठवण येत होती ना तिला, म्हणून." वेणीचा पेड सुटला माझ्या हातून. ती रिबीन बांधून झाल्यावर दप्तर घेऊन शाळेत गेली. पण शाळेतून आल्यावर तिने गोष्ट मागितली नाही. कालही नाही, आजही नाही. बोलावलं तर म्हणते, "नको, तू गोष्ट बदलतेस."

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला कळलंय. तुम्ही म्हणावं म्हणून थांबलीय ती. जास्त थांबवू नका, नाहीतर पुन्हा वाचायचं म्हणून वाचायला लागेल. आधी तेच करत होती ती. अर्थ आत घेतला की काय होईल हे तिला माहीत होतं."

हे ऐकून मी त्यांच्या वर्गातल्या त्या बुटक्या बाकावर बसूनच राहिले.

दिवाळीला ये. तू सांग तिला. तुझ्या तोंडून ऐकण्याचा तिचा हक्क आहे आणि सांगायचं काम तुझं आहे. नाही आलास तर मी सांगणार. यापुढे माझ्याच्याने खोटं बोलवणार नाही.

ताई


सिडको
९ नोव्हेंबर

गोरक्ष,

तू दाजींना फोन केलास, हर्षू शाळेत असताना. "तिला काही सांगू नका, मी बघतो" म्हणालास. ते तुझ्या बाजूचे आहेत, त्यांनी मला समजावलं. मी थांबले. वसुबारस गेली, पाडवा गेला. भाऊबीजेला मी पाट मांडून ठेवला होता. हर्षूने त्याच्याभोवती रांगोळी काढली. दुपार झाली, पाट उचलून ठेवला.

पाट उचलताना तिने मला पाहिलं. मशीनपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई मेली ना?"

गेली, देवाघरी गेली, असं काही नाही. चंदी आलीच नाही म्हणताना बोलली होती तसं सरळ. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "हो."

"कधी?"

"तू माझ्याकडे राहायला आलीस ना, तेव्हाच. आई-बाबा लग्नाहून येत होते. घाटात गाडी घसरली."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. रडत नव्हती. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, चला, एकदाचं झालं. माझंच हलकं होत होतं बघ. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि बाबा पण?"

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, "बाबा काय?"

"बाबा पण मेला ना? तू म्हणतेस कंपनीत आहे. आई माहेरी आहे म्हणताना पण असंच म्हणायचीस."

गोरक्ष, मी तिच्यापुढे शपथा घेतल्या. बाबा जिवंत आहे, वापीला आहे, काम करतो. ती म्हणाली, "मग दिवाळीला का नाही आला? सगळ्यांचे बाबा येतात." मी म्हटलं, "थांब, आत्ता फोन लावते." तिच्यासमोर लावला, आवाज मोठा केला. वाजला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला तर स्विच ऑफ. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा तिने माझा हात खाली केला. "राहू दे आत्या," म्हणाली.

आणि मग रडली. मोरीत जाऊन, दार लावून. आईसाठी रडत होती, की तुझ्यासाठी, की दोघांसाठी, मला विचारवलं नाही. बाहेर आल्यावर आपलं तोंड आपण पुसलं आणि मलाच म्हणाली, "तू रडू नकोस."

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. तू काय मनात घेऊन बसलायस तेही. गाडी तुझ्या हातात होती. कुत्रं आडवं आलं, तू ब्रेक दाबलास. पोलिसांनी काही म्हटलं नाही, कुसाबाईंनीसुद्धा कधी म्हटलं नाही. तुझं तुला जे म्हणायचं ते तू म्हण, मी अडवणार नाही. पण ती सात वर्षांची पोर दोन मेलेली माणसं घेऊन बसलीय, त्यातलं एक जिवंत आहे, आणि ते मी कितीही सांगितलं तरी तिला पटणार नाही. माझ्या शब्दावर आता तिचा भरवसा नाही. तुला बघितल्याशिवाय तिची खात्री पटायची नाही.

ये.

ताई


सिडको
१५ डिसेंबर

गोरक्ष,

पोचलास का? पेठच्या घाटात रस्ता खराब आहे म्हणतात. पाय अवघडला असेल.

तू आलास हे बरं केलंस. स्टँडवर गाडी सुटताना जे बोललास ते मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. "ताई, तिला माझं तोंड बघायचं नाही. पुन्हा बोलावू नकोस." तुला तसं का वाटलं ते कळतं मला. तू दारात उभा राहिलास आणि ती धावत आली नाही. नुसती बघत राहिली, तुझ्या तोंडाकडे आणि मग तुझ्या पायाकडे. तू चालताना पाय ओढतोस हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. मग पुढे येऊन तिने तुझ्या मनगटाला बोट लावलं आणि आत निघून गेली. तुला ते परकेपणाचं वाटलं. मला वाटतं, तू खरा आहेस का तेवढं ती बघत होती.

जेवणं झाल्यावर तू तिला समोर बसवून सगळं सांगितलंस. गाडी मी चालवत होतो, हे वाक्य तुझ्या तोंडून निघायला किती वेळ लागला ते मी ओट्यापाशी उभी राहून बघत होते. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं काय, तर "कुत्रं वाचलं का?" तुझा चेहरा पडला. तू "माहीत नाही" म्हणालास आणि चप्पल शोधायला लागलास. आईचं काही विचारलं नाही, बापाचं नाही, कुत्र्याचं विचारलं. तू तेच धरून गेलास.

आता तू गेल्यानंतर काय झालं ते सांगते. ते तुला माहीत असायला पाहिजे.

शुक्रवारी उत्तरा मॅडमच्या वर्गात गोष्टींचा तास होता. हल्ली त्या मुलांनाच सांगायला लावतात. शाळेने मला फीत लावायला दिलेले पडदे घेऊन मी तिथे गेले होते, तर मॅडमनी खुणेने मला मागे उभं राहायला सांगितलं. हर्षू पुढे उभी होती. हाताची घडी, वेण्या पुढे.

तिने सांगितलं, एक आई होती, एक बाबा होता. ते लग्नाला गेले. मुलगी आत्याकडे होती कारण तिला ताप होता. येताना घाटात एक कुत्रं रेंगाळत रस्त्यावर आलं. बाबाला त्या कुत्र्याला मारायचं नव्हतं. म्हणून त्याने जोरात ब्रेक दाबला. मग आई मेली. बाबाचा पाय मोडला. आई फार छान गोष्टी सांगायची, असंही मध्येच घातलं, आणि आई नागलीच्या भाकरीवर गूळ ठेवून द्यायची.

एवढीएवढी पोरं, पण सगळ्यांना कळलं ही कोणाची गोष्ट आहे. मला वाटलं मॅडम आता तिला जागेवर बसवतील. पण त्यांनी रोजच्यासारखंच विचारलं, "छान सांगितलीस. आता मला सांगा, या गोष्टीतल्या बाबाला काय वाटत असेल?"

एक मुलगा म्हणाला, "त्याला कुत्र्याचा राग आला असेल."

एक मुलगी म्हणाली, "पाय दुखत असेल."

मॅडम हर्षूकडे वळल्या. "तुला काय वाटतं?"

तिने हाताची घडी सोडली. मग म्हणाली, "त्याला वाटतं की मुलगी त्याला विचारेल, आईला का नाही आणलं. म्हणून तो घरी येत नाही. पण ती विचारणार नाही. ती दुसरंच काहीतरी विचारेल."

मला तिथे उभं राहवेना. पडदे टेबलावर ठेवून बाहेर आले.

हे मी तिला शिकवलेलं नाही, गोरक्ष. मॅडमनीही नाही. तू का येत नाहीस याबद्दल या घरात कोणी एक शब्द बोललेलं नाही. ते तिचं तिनेच वाचलं.

ताई